45 हजारांचा कोर्स आणि पहिलं बिल

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान एपीएमसीत माथाडी कामगार. मुलगा 24 वर्षांचा, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेला. ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये कंत्राटदारामार्फत 11 महिने काम केलं, 17 हजार मिळायचे. कंत्राट संपलं, त्यालाही आता आठ महिने झाले. एक खासगी संस्था 45 हजार फी घेऊन ‘उद्योजक घडवते’, कर्जही हमखास करून देते म्हणे. सरकारी प्रशिक्षणही असतं असं ऐकलं आहे. त्यांनी विचारलं आहे, ‘मुलाला नक्की कुठे घालू? प्रशिक्षणाने खरंच धंदा येतो का? आमच्याकडे शिल्लक तीन लाख आहेत, ते यात घालावेत का?’

ताई, पैशाचं आधी सांगतो, कारण तिथे घाई होते. 45 हजार देऊ नका. कर्ज मंजूर करणं बँकेच्या हातात असतं, क्लासच्या नाही. ‘हमखास कर्ज’ म्हणणारा माणूस फार तर तुमची फाईल नीट लावून देतो, आणि त्याचे पैसे तो फीमध्ये आधीच कापून घेतो. राज्य सरकारचं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून उद्योजकता शिकवण्याचंच काम करतं. त्यांचे काही वर्ग मोफत असतात, काहींना माफक फी असते. ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी केली की पुढची तुकडी कधी आहे ते कळतं. तीन लाखांना आज हात लावू नका. त्यांचं काय करायचं ते नंतर सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी या क्षेत्रात वीस-बावीस वर्षं शिकवतोय. त्याआधी रबाळे एमआयडीसीत माझा स्वतःचा फॅब्रिकेशनचा गाळा होता. तो बुडाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजा.

आपल्याकडच्या या प्रशिक्षणांचं मूळ बरंच जुनं आहे. 1964 च्या सुमारास हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांवर एक प्रयोग केला. काहीतरी करून दाखवायची ईर्षा शिकवून वाढवता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे गुजरातने 1970 च्या आसपास उद्योजकता विकासाचे वर्ग सुरू केले, 1983 मध्ये अहमदाबादला त्यासाठी राष्ट्रीय पातळीची संस्था निघाली आणि मग आपलं केंद्र आलं. आजही बहुतेक वर्गांत पहिल्या-दुसऱ्या दिवशी एक खेळ असतो: जमिनीवर खुंटी, हातात रिंगा, कितीही अंतरावरून फेका, लांबून पडली तर गुण जास्त. हा खेळ त्याच काळापासून चालत आलेला. काही मुलं खुंटीला चिकटून उभी राहतात. काही दहा फुटांवरून फेकतात आणि हसत परत येतात. चुकली तर नशीब, लागली तर शिट्ट्या. मधल्या अंतरावर उभं राहून, एक फेक चुकली की अर्धं पाऊल पुढे सरकणारी मुलं थोडीच असतात. मी गुणांची वही बाजूला ठेवतो आणि पाय कोण सरकवतं तेवढंच बघतो.

पण काकीनाड्याच्या त्या प्रयोगात जे होते ते बहुतेक आधीच धंद्यात होते, ही गोष्ट सांगताना आपण विसरतो. अलीकडच्या काळात याच विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग आफ्रिकेतल्या टोगोमधला आहे. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं शिक्षण दिलं: हिशेब, मार्केटिंग, कागदपत्रं. दुसऱ्याला स्वतःहून हालचाल करायला शिकवलं: संधी शोधणं, कुणी सांगायच्या आधी करणं, अडलं तर दुसरी वाट काढणं. तिसऱ्याला काहीच शिकवलं नाही. स्वतःहून हलायला शिकलेल्यांचा नफा न शिकलेल्यांच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. हिशेब शिकलेल्यांचा 11 टक्के, आणि तोही खात्रीने प्रशिक्षणामुळेच म्हणता येईल इतका नाही. पण इथेही सगळे आधीपासून दुकान थाटून बसलेले होते.

म्हणजे प्रशिक्षणाने चालत्या धंद्याला वेग येतो, याला पुरावा आहे. घरी बसलेल्या मुलाला वर्गात बसवलं आणि बाहेर उद्योजक निघाला, याला तेवढा भक्कम पुरावा मला या दोन्हींत दिसत नाही, आणि माझ्या अनुभवातही नाही. तीस जणांच्या तुकडीत निम्मे प्रमाणपत्रासाठी आलेले असतात, कारण कर्जाच्या फाईलला ते लागतं. उरलेल्यांतले पाच-सहा काहीतरी सुरू करतात. तीन वर्षांनी फोन केला तर दोघं-तिघं टिकलेले असतात. ज्यांनी सुरू केलं नाही त्यांतल्या काहींना मात्र नोकरी लागते, कारण चार माणसांसमोर बोलायची भीती मोडलेली असते. सरकारी अहवालात हा फायदा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

‘बेरोजगारीवर उपाय म्हणजे स्वयंरोजगार’ हे वाक्य मी स्वतः शेकडो उद्घाटनांत ऐकलं आहे. आकडे वेगळं बोलतात. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या श्रमबल पाहणीनुसार देशात काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक आधीच स्वयंरोजगारात होते, त्यात घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी राबणारेही आले. त्याच पाहणीत 15 ते 29 वयोगटातली बेरोजगारी 10.2 टक्के होती. आपल्याकडे स्वतःचं काम करणाऱ्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे दुसऱ्या चौघांना पगार देऊ शकेल अशा धंद्यांचा. तुर्भे नाक्यावर आणखी एक वडापावची गाडी लागली तर शेजारच्या दोन गाड्यांचं गिऱ्हाईक वाटलं जातं, बेरोजगारी काही कमी होत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात तुमच्या यजमानांच्या पिढीने वेगळे दिवस पाहिले. आयटीआय झालेल्या मुलाला कंपनीत चिकटवलं की घराची चिंता सुटायची. पाळी सुटायच्या वेळेला रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्यातल्या कितीतरी प्लॉटवर आता काचेच्या इमारती आणि डेटा सेंटरं आहेत. वीज प्रचंड लागते, माणसं मोजकी आणि तीही बहुतेक कंत्राटावर. तुमचा मुलगा आळशी म्हणून घरी बसलेला नाही, हे आधी घरात बोला. आठ महिने घरी बसलेल्या मुलाला ‘निदान धंदा तरी कर’ असं ऐकवलं की तो घाईत काहीतरी चुकीचं सुरू करतो.

वर्गात नेमकं काय उपयोगी पडतं, याचं एक उदाहरण देतो. घणसोली गावातली एक मुलगी तुकडीत होती. आई-आजीकडून तांदळाच्या भाकरी शिकलेली, आगरी घरांत असतात तशा पातळ, मऊ. महापेच्या तीन कँटीनना ती रोज दीडशे भाकरी पुरवायची, आठ रुपयाला एक. ‘सर, धंदा मस्त चाललाय, रोज बाराशे येतात,’ असं ती म्हणाली. मी तिला फळ्यापाशी बोलावलं. पीठ किलोला 52 रुपये, किलोत 13 भाकरी, म्हणजे भाकरीला चार रुपये. गॅस सव्वा रुपया. कागद आणि फॉइल पाऊण रुपया. रोज सकाळची रिक्षा दीडशे, म्हणजे भाकरीमागे एक रुपया. बेरीज सात. हातात राहतो एक रुपया, दीडशे भाकरींचे दीडशे रुपये. किती वाजता उठतेस? साडेतीनला. किती वाजता मोकळी होतेस? साडेआठला. पाच तास, म्हणजे तासाला तीस रुपये, आणि आई बाजूला बसून थापते तिचे शून्य.

वर्ग शांत झाला. ती चिडली, दुपारी जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी आली ती तिन्ही कँटीनना अकरा रुपये सांगून. एकाने नकार दिला, दोघे टिकले. त्या नकाराने तिची झोप दोन दिवस उडाली होती, पण हिशेब केला तर दोन कँटीनच्या शंभर भाकरींत ती आधीपेक्षा जास्त कमवत होती. रिक्षाचा खर्च भाकरीमागे दीड रुपया झाला, तरीही. आता तिच्याकडे गावातल्याच पाच बायका येतात आणि वेळेवर पगार घेतात. बेरोजगारीवर उपाय म्हणायचं तर मी हिच्याकडे बोट दाखवीन. आणि नीट बघा, वर्गात येण्याआधी तिच्याकडे गिऱ्हाईक होतं.

माझ्या गाळ्याचंही सांगतो, कारण ते मला शिकवायला कुणीच नव्हतं. एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं तेव्हा पेढे वाटले होते. माल गेला, बिल दिलं, माल पोचल्याच्या चलनावर सही झाली, आणि पैसे सात महिने आले नाहीत. वेल्डरचे पगार मी मंगळसूत्र गहाण ठेवून केले, ते बायको अजून बोलून दाखवते. छोट्या उद्योगाचं बिल उशिरा दिलं तर व्याज द्यावं लागतं असा कायदा 1993 मध्येच झाला होता. मला तो माहीतच नव्हता. आता 2006 चा कायदा आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज. त्यासाठी काम करून देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, झालेली असावी. ती पोर्टलवर मोफत होते, दोन हजार मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. कायदा आहे म्हणून सगळे तक्रार करतात असं मात्र नाही. एकाच गिऱ्हाइकावर पोट असेल तर त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? म्हणून मी मुलांना सांगतो की एकाच कंपनीकडून निम्म्याहून जास्त काम येत असेल तर तुम्ही धंदेवाले नाही, त्या कंपनीचे बिनपगारी नोकर आहात.

अनुदानाचंही तसंच. लोकांना वाटतं, सरकार पैसे हातात देतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या किंवा राज्याचा मुख्यमंत्र्यांच्या नावाचा घ्या. शहरी भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के अनुदान, विशेष गटांना (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) 25, आणि स्वतःचे अनुक्रमे 10 किंवा 5 टक्के घालायचे. पाच लाखांच्या प्रकल्पाला 15 टक्क्यांनी 75 हजार झाले. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून अडकून राहतात. त्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर लागतही नाही. धंदा चालू दिसला तरच ती रक्कम कर्जात वळती होते. दुसऱ्या वर्षी शटर ओढलं तर अनुदान परत जातं आणि हप्ता तुमच्या डोक्यावर राहतो. तुम्ही मराठा समाजातल्या असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची योजना बघा. अण्णासाहेब म्हणजे माथाडींचे नेते, त्यांची ओळख तुमच्या यजमानांना करून द्यायला नको. तिथेही हप्ते वेळेवर भरणाऱ्याला व्याज परत मिळतं, मुद्दल नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याच्याकडे एक चांगली गोष्ट आहे, अकरा महिने त्याने यूपीएस, जनरेटर, पॅनल जवळून पाहिलेत. तुमच्या आजूबाजूला सिडकोच्या काळातल्या इमारती आहेत, पाणी चढवायचे पंप आहेत, जुनाट मीटर केबिन आहेत. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर कुठून जोडायचा यावरून सोसायट्यांच्या सभांत भांडणं होतायत. हे काम मिळवणारा आणि वेळेवर येणारा माणूस कमी आहे. पण त्यात एक अट आहे, जी बहुतेक वर्गांत कुणी सांगत नाही: वीज जोडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावं लागतं. परवान्याआधी पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, त्याआधी अनुभवाचा दाखला. म्हणून पहिली पायरी त्याने एखाद्या परवानाधारक ठेकेदाराकडे कामाला लागणं. पगार कमी मिळाला तरी चालेल. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली, तिच्यात पदविकाधारकाला महिना 8 हजार विद्यावेतन ठरवलं होतं. तिच्यातली योग्य जागा निघाली तर तीही चालेल. तिथे वायरिंग तर शिकेलच, पण कोटेशन कसं देतात, सोसायटीचा सेक्रेटरी पैसे कसे लांबवतो, माल कुठल्या दुकानातून उधारीवर मिळतो, हे वर्षभर बघेल.

मग स्वतःचं गणित मांडायचं. समजा सहा सोसायट्यांचं देखभालीचं काम मिळालं, प्रत्येकी साडेतीन हजार. महिना 21 हजार. अर्धवेळ मदतनीस 9 हजार, पेट्रोल आणि हत्यारांची झीज 4 हजार. हातात 8 हजार. डेटा सेंटरमध्ये 17 मिळत होते. तुम्ही दोघं त्याला हे ऐकवाल, नक्की ऐकवाल. आठ आणि सतरामधली दरी सोसायट्यांतल्या सुट्या कामांनी भरते: नवीन पॉइंट, पंपाची मोटर, चार्जरची लाईन. पण ती भरायला वर्ष लागतं, कधी दीड. त्यात एखादी सोसायटी पुनर्विकासाला गेली की ते काम एका रात्रीत बंद. तुमचे तीन लाख यासाठी ठेवा. मशीन, ऑफिस, व्हिजिटिंग कार्ड यांत नाही. त्या वर्षात घरातला किराणा आणि त्याचा मोबाईलचा रिचार्ज यांत. खेळतं भांडवल म्हणतात ते खरं तर हेच असतं. बाकी हत्यारं जुनी चालतात.

प्रशिक्षणाला कधी पाठवायचं? पहिली दोन-तीन बिलं त्याच्या नावाने निघाली की. तेव्हा वर्गात बसलेला मुलगा वेगळाच असतो. कॉस्टिंगच्या तासाला तो वहीत स्वतःचे आकडे लिहितो. उधारीचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट सेक्रेटरी असतो. बँकवाला बोलायला आला की ‘मला कर्ज मिळेल का’ असं न विचारता ‘चालू खात्यावर ओव्हरड्राफ्ट केव्हा देता’ असं विचारतो. रिकाम्या वहीने आलेला मुलगा तेच तास ऐकतो आणि शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो काढून घरी जातो. शिकवणारा तोच, फळाही तोच.

वर्ग निवडताना तीन-चार गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांत स्वतः धंदा केलेले किती? वर्गानंतर सहा महिने कुणी फोन करतं का, भेटीला येतं का? शनिवारी मुलांना बाजारात विकायला पाठवतात का? माझ्या वर्गात आम्ही पाचशे रुपये देतो आणि वाशी स्टेशनबाहेर सोडतो, संध्याकाळपर्यंत ते वाढवून आणायचे. काही मुलं तोट्यात येतात. एकाने खर्च वजा करून साडेनऊशे आणले होते, एपीएमसीतून लिंबं घेऊन सेक्टर सतराच्या ऑफिसांबाहेर विकून. गणवेशासारखे शर्ट, भाषणं आणि यशस्वी उद्योजकांच्या चित्रफिती एवढंच असेल तर मुलाला घरी झोपू द्या, तेवढीच विश्रांती.

आणि तो म्हणाला की मला धंदा करायचाच नाही, तर ते मान्य करा. नोकरी मागणं कमीपणाचं नाही. प्रत्येक बेरोजगार मुलाला उद्योजक व्हायला लावणं हा अन्याय आहे असं माझं मत आहे, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सगळं तुम्ही लिहिलंय, त्याच्या तोंडचं त्यात एकही वाक्य नाही. तेव्हा चौकशीला जिल्हा उद्योग केंद्रात तुम्ही जाऊ नका. त्याला सोमवारी एकट्याला पाठवा. त्याआधी त्याच्या हातात वही द्या आणि तुमच्या सेक्टरमधल्या दहा सोसायट्यांच्या वॉचमनकडून एकच गोष्ट लिहून आणायला सांगा: पंप बंद पडला की फोन कुणाला करता, आणि तो किती वेळाने येतो. दहा ओळी झाल्या की मला फोन करू दे. त्यानेच करायचा.